आधी बाटली, मग आजोबा

औंधचे एक आजोबा एमआरआयसाठी पहाटेच निघून आले होते. दारातून पाहतात, तर टेबलावर पाण्याने भरलेली बाटली! ‘‘डॉक्टर, माणसं ताटकळत्यात आन् बाटली तपासताय व्हय?’’

प्रश्न रास्त होता. १.५ टेस्लाच्या यंत्रात शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू सुमारे ६४ मेगाहर्ट्झचे रेडिओसंकेत देतात. ते टिपणाऱ्या कॉइलमध्ये अनेक चॅनेल असतात. एखादा चॅनेल मंदावला, तर चित्राचा तेवढा भाग धूसर होतो आणि बारीक गाठ नजरेतून निसटू शकते. म्हणून संगणकावरचा प्रोग्रॅम बाटलीतून येणारा संकेत प्रत्येक चॅनेलवर स्वतंत्रपणे मोजतो.

आजोबांना पटले. तुम्हीही थोडी कळ काढा. आणि पेसमेकर किंवा अंगात धातू असेल, तर आत जाण्याआधीच सांगा.