एकच प्रत

कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी आमचे हायस्कूल एका जुन्या चौसोपी वाड्यात भरत असे, आणि त्या वाड्याच्या माडीवर, शाळेच्या दप्तरात जिचा उल्लेख ग्रंथालय म्हणून होई त्या खोलीत, शिसवी कपाटाच्या तळच्या खणात शाळेची हस्तलिखित वार्षिके मांजरपाटात बांधून ठेवलेली असत. १९५६ च्या जूनमध्ये मी दहावीत गेलो. शाळा उघडून आठवडा झाला नाही तोच शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर आला. वक्तृत्व, क्रीडा, सहल, स्नेहसंमेलन अशा निरनिराळ्या मंडळांच्या नेमणुका मुख्याध्यापकांच्या सहीनिशी तीत जाहीर झाल्या होत्या, आणि अगदी शेवटच्या ओळीत, हस्तलिखिताच्या तीन लेखनिकांत, माझे नाव होते.

आमच्या मराठीच्या सरांचा एक शिरस्ता असा होता, की शाळेत जे जे घडेल त्याची हकीकत आठ दिवसांच्या आत कच्च्या वहीत उतरलीच पाहिजे; आणि ती ज्याने स्वतः पाहिली त्यानेच लिहावी, ऐकीव मजकूर घेऊ नये. त्यामुळे ते वर्ष मी इतर मुलांप्रमाणे नुसते अनुभवले नाही, तर शिसपेन्सील आणि वही घेऊन त्याच्या मागोमाग चाललो, असे म्हटले तरी चालेल. वर्षही असे, की त्याच्या प्रारंभीच, २३ जुलैला, लोकमान्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत होती. एरवी १ ऑगस्टच्या पुण्यतिथीला एक वक्तृत्वस्पर्धा होऊन वर्गांना अर्धी सुट्टी मिळे. त्या वर्षी मात्र जन्मतिथीपासून पुण्यतिथीपर्यंत रोज शेवटच्या तासाला दोन विद्यार्थ्यांची भाषणे झाली, आणि बाहेर पागोळ्यांचा आवाज एवढा होता की मागच्या बाकांवर शब्द पोहोचत नसे म्हणून वक्त्याला सोप्याच्या मधोमध, खांबाशी उभे करीत. पाठ केलेले भाषण अर्ध्यावर विसरून ज्याचा कंठ दाटून आला अशा एका आठवीतल्या मुलाला सरांनी बसू दिले नाही. "पाठ केलंस ते राहू दे; तुला काय वाटतं ते सांग," एवढेच ते म्हणाले, आणि मग तो जे चार शब्द बोलला ते मी उतरून घेतले. वार्षिकात छापील पुस्तकी भाषणांना जागा मिळाली नाही. त्या चार शब्दांना मिळाली.

पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, गणपतीचे पाच दिवस, दसऱ्याच्या आदल्या दिवशी लहान वर्गांनी एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढून केलेले पूजन, ही सर्व वहिवाटीप्रमाणे पार पडली, आणि त्यांच्या हकीकती मागील वर्षांच्या हकीकतींहून फारशा निराळ्या नव्हत्या. सहामाही परीक्षा झाली, दिवाळीची सुट्टी लागली. १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले तेव्हा आमच्या भूगोलाच्या भिंतीवरचा नकाशा एका रात्रीत जुना झाला. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने नव्या सीमांचा नकाशा रंगवून दिला, परंतु त्याखाली दोन ओळी लिहायच्या तर त्या कोणत्या, यावर मोठ्या मुलांत इतका कडाक्याचा वाद झाला की अखेर नकाशा ओळींवाचूनच गेला. आज मला वाटते, तसा तो गेला हेच योग्य झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मनात काय होते ते त्या कोऱ्या जागेवरून कळते.

डिसेंबरच्या ६ तारखेला दिल्लीत डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. वार्ता गावात येऊन पोहोचल्यावर शाळेत शोकसभा भरली. शिक्षकांची भाषणे झाली आणि त्यानंतर बोर्डिंगात राहून शिकणारा नववीतला एक विद्यार्थी कोणी नाव न पुकारता उठला, दोन वाक्ये बोलला आणि खाली बसला. हकीकत लिहिताना मी शिक्षकांची भाषणे सविस्तर देऊन 'एका विद्यार्थ्यानेही श्रद्धांजली वाहिली' असे लिहिले होते. सरांनी ते वाक्य तांबड्या पेन्सिलीने खोडले आणि मला त्या विद्यार्थ्याकडे पाठवले. ती दोन वाक्ये त्याच्या तोंडून पुन्हा ऐकून, जशीच्या तशी, त्याच्या नावानिशी लिहून आणेपर्यंत त्यांनी पान मंजूर केले नाही.

दिवाळीनंतर प्रत्यक्ष लेखनास आरंभ होत असे. जाड ड्रॉइंग कागदाचे ताव मापात कापायचे, चारही बाजूंनी समास सोडायचा, आणि आतल्या मजकुराच्या ओळी पेन्सिलीने इतक्या पुसट आखायच्या की शाई वाळल्यावर खोडरबर फिरवला तर अक्षरही पुसू नये आणि ओळही राहू नये. शीर्षकांसाठी बोरू. त्याची कत करणे हे आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांखेरीज कोणालाच नीट साधत नसे. चाकूचा एकच तिरपा घाव, मग नखावर टेकवून टोकाला बारीक चीर, आणि लगेच रद्दी कागदावर एक 'श्री' काढून पाहायची. उभा फराटा जाड आणि आडवा बारीक आला तरच तो बोरू दौतीपर्यंत जाई. मजकुरासाठी टाक, आणि शाई पुडीची: 'हॉर्स ब्रँड'ची पूड पाण्यात कालवून, फडक्याने गाळून, रात्रभर मुरू दिलेली.

लिहिण्याहून कठीण काम शुद्धलेखनाचे. १९६२ चे नियम अजून यायचे होते; 'कांही', 'पांच', 'घरांत', 'नांव' या शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार असत आणि ते उच्चारात ऐकू येत नसत. कोणत्या अक्षरावर टिंब द्यायचे आणि का, हे शब्दाच्या कुळाशी जाऊन समजून घ्यावे लागे. 'मुलें आली' आणि 'मुले नाहीत' असे एकाच पानावर निघाले, की सर कागद परत करीत. एका अनुस्वारासाठी अख्खे पान पुन्हा लिहिल्याचे मला आठवते. त्या वेळी हा जुलूम वाटे. परंतु शब्द हाताखालून सावकाश जाऊ देण्याची जी सवय लागली तिचे ऋण मी आजही मानतो.

सरांचा आणखी एक नियम होता: गद्य लेखनिकांनी उतरावे, कविता मात्र ज्याची त्यानेच आपल्या हाताने लिहावी. अमळनेरला साने गुरुजींनी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक चालवले होते, त्याची गोष्ट ते आम्हांला सांगत. मुलाचे अक्षर हेही त्याच्या लेखनाचाच भाग असते, असा त्यांचा विश्वास होता.

माझ्या वर्गात मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा होता. कृष्णेच्या पुरावर त्याने कविता केली होती. दिवाळीनंतर वडिलांची बदली झाली, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी आला त्या दुपारी ग्रंथालयात बसून त्याने ती तावावर उतरून दिली. दुसरी वेलांटी तो ओळीच्या खालपर्यंत ओढीत नेई, तशा वेलांट्या त्या पानभर होत्या. त्याच तावाच्या पाठीमागे मी सहलीचा वृत्तान्त लिहीत होतो. संमेलनाला चार दिवस राहिले असताना, कंदिलाची वात वर करण्यासाठी हात पुढे केला, आणि दौत कलंडली.

टीपकागद लावला, खडूची पूड टाकली; काही उपयोग झाला नाही. शाई कागदातून पार झाली होती, आणि कवितेच्या मधल्या आठ ओळी नाहीशा झाल्या. ओळी कच्च्या वहीत होत्या, त्याचे अक्षर कोठेही नव्हते. नव्या गावचा पत्ताही कोणापाशी नव्हता. डाग कागद चिकटवून झाकावा असे दुसऱ्या लेखनिकाने सुचवले. सरांनी ते मानले नाही. ते मला रागे भरले नाहीत, आणि त्यामुळेच मान वर करणे अवघड झाले. नव्या तावावर मी ती कविता लिहिली. वेलांट्या तशा ओढाव्यात असे मनात आले होते, पण ते खोटे झाले असते, म्हणून माझ्याच वळणाने लिहिली, आणि सरांच्या सांगण्यावरून खाली लहान अक्षरांत नोंद केली की कवीच्या हातचे पान शाई सांडल्यामुळे नष्ट झाले असून हे अक्षर लेखनिकाचे आहे. त्यापुढे माझी सही आहे.

संमेलनाचे फार सांगत नाही. भाड्याच्या पेट्रोमॅक्स बत्त्या, बाके जोडून केलेले व्यासपीठ, ऐतिहासिक नाटकाचा प्रवेश आणि अहवालवाचन हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते पाठ आहे. वार्षिक बाइंडरकडून आदल्या संध्याकाळी आले, पाठीला खादीचे कापड, आणि मोरचूद घातलेल्या खळीचा उग्र वास अजून गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते माडीवर उतरत्या मेजावर ठेवले गेले. प्रत एकच, म्हणून हात धुऊन रांगेने यायचे, पाच-सहा जणांनी मिळून वाचायचे आणि पाने लेखनिकाने उलटायची, असा नियम होता. दोन दिवस मी पाने उलटीत उभा होतो. बोर्डिंगातला तो विद्यार्थी आला, शोकसभेच्या पानावर बोट न टेकवता त्याने आपली दोन वाक्ये वाचली आणि पान उलटण्यासाठी माझ्याकडे पाहिले. मी थोडा थांबलो, मग उलटले.

एप्रिलमध्ये जमाखर्च बंद झाला. चार आणे वर्गणीच्या हिशेबात शिल्लक सात आणे होती. परंतु १ तारखेपासून नवे पैसे सुरू झाल्याने शिलकेपुढे कंसात ४४ नवे पैसे असे लिहून सरांची सही घेतली. मॅट्रिकची परीक्षा १९४९ पासून एस. एस. सी. झाली असली तरी घरोघरी तिला मॅट्रिकच म्हणत, आणि त्या परीक्षेच्या वर्गाकडे, म्हणजे अकरावीकडे, कोणतेही मंडळ सोपवायचे नाही असा शाळेचा दंडक होता. तेव्हा जूनमध्ये कपाटाची किल्ली मी नवव्या इयत्तेतून वर आलेल्या नव्या लेखनिकाच्या हाती दिली. त्याने तिथेच मांजरपाट सोडला आणि आमचे वार्षिक चाळायला घेतले. पुराच्या कवितेपाशी येऊन तो थांबला, खालची बारीक नोंद त्याने दोनदा वाचली आणि विचारले, "मग ह्याचं खरं अक्षर कसं होतं?"

मी टाक घेतला आणि रद्दीच्या एका कागदावर त्याला एक वेलांटी काढून दाखवली.