पक्षाघाताचा रुग्ण घरी परतल्यावर

चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत पक्षाघातासाठी स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे. त्यानुसार आम्ही अभ्यंग, पोटलीस्वेद योजतो आणि मूठ किती वळते एवढेच पाहतो. घरातील प्रश्न मात्र वेगळे असतात. पाणी पिताना ठसका लागतो, शौचाला दुसऱ्याने नेण्याचा संकोच वाटतो, शब्द अडल्याने रुग्ण चारचौघांत बसेनासा होतो. हे पहिल्याच भेटीत विचारावयास हवे. बधिर अंगाला चटका कळत नाही, म्हणून पोटलीची उष्णता आधी निरोगी बाजूवर पाहावी. लुळा खांदा मर्दनात ओढू नये. ‘आता आयुर्वेदिक सुरू झाले’ म्हणून नातेवाईक रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करतात. त्याने पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. औषधालयचालक बंधूंनी काढा देतानाच ही चौकशी करावी. आम्हांस ती गोष्ट बहुधा उशिरा कळते.