सिकलसेलच्या उंदरापासून किनवटपर्यंत

मराठवाड्यात जनुकबदलाची चर्चा पहिल्यांदा आली ती कापसाच्या सरकीतून. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडी होतंच. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पारापारांवर, कृषी सेवा केंद्रांच्या दारात जनुकांवर वाद झडू लागले. त्याच सुमारास जनुकबदलाचं आणखी एक काम परदेशातल्या प्रयोगशाळांत चाललं होतं, उंदरांवर. त्याचा नांदेड जिल्ह्याशी असलेला संबंध मात्र फारसा कुणाच्या बोलण्यात आला नाही. तो संबंध पैनगंगेकाठच्या किनवट-माहूरचा, तिथल्या गोंड, आंध, परधान, कोलाम वस्त्यांचा आणि या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या सिकलसेलचा आहे.

हा आजार काय आहे ते लातूरच्या शिकवणी वर्गातला कुठलाही मुलगा झोपेतून उठवला तरी सांगेल. ‘नीट’साठी पाठच असतं ते: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. जनुकातलं एकच अक्षर चुकतं. प्राणवायू कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनवतं, गोल लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं-सांधे ठणकतात, पंडुरोग होतो, पाणथरी वाढते, लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन गाठतो. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं. ज्या घरात असं मूल आहे, तिथं ते आयुष्यभर चालतं.

१९४९ साली लायनस पॉलिंग यांनी या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं. काही वर्षांत व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी चूक शोधली. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडल्याची नोंद १९५२ची. म्हणजे कारण कळून दशकं उलटली, तरी इलाज फारसा पुढे सरकत नव्हता. त्याला एक मोठी अडचण होती: हा आजार ज्याच्यावर तपासावा असा प्राणीच नव्हता. उंदराचं हिमोग्लोबिन वेगळं. त्याच्या रक्तपेशी आपसूक विळ्याच्या आकाराच्या होत नाहीत.

हवा तसा उंदीर घडवण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकर आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्या काळात ‘आयसीआरसी’ नावाचा उंदरांचा वाण तयार झाला. त्याच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असे, म्हणून तो अभ्यासाला मोलाचा ठरला. पण ती निवड पद्धतीची पैदास होती: जवळच्या नात्यातले उंदीर पिढ्यानपिढ्या जुळवत जायचे आणि निसर्ग देईल ते पाहायचं. एखादं विशिष्ट जनुक उचलून बसवणं त्या काळी कुणाच्याच हातात नव्हतं.

ते पुढे टप्प्याटप्प्यानं हातात आलं. १९७४ साली रुडॉल्फ येनिश यांनी उंदराच्या भ्रूणात परका डीएनए नेला. १९८० मध्ये एकपेशी भ्रूणात सुईनं जनुक टोचता आलं. ऐंशीच्या दशकाअखेर मारिओ कापेक्की, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामातून हवं ते जनुक बंद केलेला उंदीर जन्माला आला. या कामासाठी तिघांना २००७चं नोबेल मिळालं.

सिकलसेलसाठी निर्णायक वर्ष १९९७. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले, एक बर्कलीचा आणि दुसरा अलाबामातला टिम टाउन्स यांचा. दोघांनी उंदराची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुकं बंद केली आणि त्या जागी माणसाची, सिकलसेलची जनुकं आणली. त्या उंदरांच्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या, त्यांना पंडुरोग झाला, पाणथरी सुजली. आजार पहिल्यांदा पूर्णपणे प्रयोगशाळेत आला. माझ्या मते सिकलसेलच्या इतिहासात पॉलिंग यांच्या शोधाखालोखाल हीच घटना.

पुढचा धागा न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या एका जुन्या निरीक्षणाचा. १९४८ साली त्यांच्या लक्षात आलं होतं की नवजात बाळांना या आजाराचा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते ओसरतं आणि दुखणं सुरू होतं. मग ते ओसरूच दिलं नाही तर? २००८ साली स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत, भारतीय वंशाचे विजय शंकरन त्यात अग्रभागी होते, ‘बीसीएल-११-ए’ हे जनुक गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतं असं सिद्ध झालं. २०११ मध्ये ऑर्किन यांच्याच गटानं सिकलसेलच्या उंदरांत हे जनुक रक्तपेशींपुरतं बंद केलं. उंदरांचा आजार हटला. माणसावर हा उपाय करायचं धाडस या निकालानं आलं.

तेवढ्यात क्रिस्पर आलं. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पाँतिए यांनी जनुकाची ही कात्री दाखवून दिली आणि २०१३ मध्ये येनिश यांच्याच प्रयोगशाळेनं तिच्या मदतीनं एका दमात अनेक बदल असलेले उंदीर जन्माला घातले. पूर्वी एका बदलाला वर्षाहून अधिक काळ लागे, आता काही आठवडे पुरतात. मादीला संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन जास्त बीजांडं मिळवतात. समागमानंतर दुसऱ्या दिवशी एकपेशी भ्रूण बाहेर काढून त्यात कॅस-९ प्रथिन आणि त्याला जागा दाखवणारा आरएनए सोडतात. मग हे भ्रूण दुसऱ्या मादीच्या पोटात वाढवतात. वीसेक दिवसांनी पिल्लं होतात आणि शेपटीच्या टोकाचा तुकडा तपासून बदल झाला का ते पाहतात. पहिल्या पिढीत बऱ्याचदा काही पेशी बदललेल्या, काही तशाच असतात, म्हणून पुढची पिढी काढावीच लागते. पुण्याच्या आयसरमधल्या राष्ट्रीय सुविधेत असे उंदीर आता आपल्याच राज्यात तयार होतात. लातूर-नांदेडहून जीवशास्त्र शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी तिकडे आवर्जून पाहावं.

या उंदरांनी यातना सोसल्या, हे स्पष्ट लिहायला हवं. प्रत्येक प्रयोगाला नैतिक समितीची मंजुरी आणि कमीत कमी प्राणी वापरण्याचं बंधन असतं. ते काटेकोर पाळलंच पाहिजे. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे: गर्भातलं हिमोग्लोबिन बंद होण्याची क्रिया उंदरात आपल्यासारखी नाही, म्हणून मुद्दाम मानवी जनुकं घातलेले उंदीर वापरावे लागले.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलग्रस्त महिलेवर हा उपाय करून पाहिला गेला. तिच्याच रक्तपेशींच्या मूळपेशी काढून ‘बीसीएल-११-ए’चा रक्तपेशींतला खटका क्रिस्परनं तोडला आणि त्या परत दिल्या. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं ‘कॅसजेव्ही’ या नावानं या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, रुपयांत अठरा कोटींच्या वर. त्यातही आधी जबर केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते.

हा आकडा किनवटच्या एकाही कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. म्हणून २०२५च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं बिरसा मुंडांच्या नावानं ‘बिरसा-१०१’ हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं, ही आपल्यासाठी मोठी बातमी आहे. त्याला अजून मानवी चाचण्यांचे टप्पे ओलांडायचे आहेत. त्या चाचण्यांत रुग्ण निवडताना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या किनवट-माहूरच्या मुलांचा विचार झाला पाहिजे. मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी आत्तापासून लावून धरावी.

तोवर हातात जे आहे ते स्वस्त आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनं अनेकांच्या वेदना कमी होतात. २०१६च्या कायद्यानं हा आजार दिव्यांगत्वाच्या यादीत आला आहे, त्याचे लाभ मागून घ्या. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा किनवट, माहूर आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनो, पत्रिका पाहण्याआधी दोघांचं रक्त तपासून घ्या.