कळ, ठणका आणि इलाज : पाऊणशे वर्षांचा मागोवा

धर्माबादचे नाव निघाले की मराठवाड्यात कोणालाही लाल मिरची आठवते. हंगामात मिरचीचे ढीग पडतात आणि बायका दिवस दिवस खाली बसून देठ खुडतात. मान खाली, पाठ वाकलेली, बोटे सारखी चालू. मध्येच उठायचे तर आधी गुडघ्यावर हात टेकून कंबर सरळ करावी लागते. संध्याकाळी हातांची आग आग होते. तेल चोळून ती दोन दिवसांत शमते. शमत नाहीत ती दुखणी निराळी. कमरेतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ, तळपायाला येणाऱ्या मुंग्या, नागीण बरी झाल्यावरही बरगडीत राहिलेला जाळ, मानेपासून खांद्यापर्यंत आखडलेले स्नायू. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या अशा दुखण्याला वैद्यक जुनाट वेदना म्हणते.

या दुखण्यांवरच्या इलाजांचा पाऊणशे वर्षांचा प्रवास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. वेदना हाच एक आजार असू शकतो, हे कबूल करायला वैद्यकाला फार वेळ लागला. ते कबूल झाले, औषधे आली, पण ते ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत पुरते पोचलेले नाही.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०० साली सुरू झालेली हैदराबाद–मनमाड रेल्वे धर्माबादवरून जायची, त्यामुळे मोठे आजारपण आले की लोक हैदराबादची वाट धरत. पण कंबरदुखीसाठी हातातले काम टाकून गाडीत कोण बसणार? इलाज गावातच व्हायचे. निरगुडीचा पाला उकळून त्याचा शेक, एरंडाचे पान गरम करून बांधणे, तिळाच्या तेलाने मालिश. उसण भरली तर पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. एवढ्याने भागले नाही तर बिब्बा, नाहीतर तापल्या लोखंडाचा डाग.

यातले सगळेच टाकाऊ नव्हते. शेकाने आखडलेला स्नायू सैल पडतो आणि मालिशने काही काळ आराम मिळतो. फिजिओथेरपीत आजही शेक दिला जातो. कमरेपासून पावलापर्यंत उतरणाऱ्या दुखण्याचे वर्णन चरकसंहितेत गृध्रसी या नावाने आहे, म्हणजे दुखण्याची वाट आपल्या वैद्यांनी नीट पाहिली होती. पण बिब्बा आणि डाग यांचे समर्थन करता येत नाही. नव्या चटक्याच्या वेदनेपुढे जुनी वेदना घटकाभर मागे पडते, एवढाच त्याचा गुण. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला असा डाग दिला तर जखम चिघळते आणि पाऊल गमावण्याची वेळ येते.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय उभे राहिले, पुढच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८८ मध्ये नांदेडला. डॉक्टर जवळ आले, तरी सीमेवरच्या धर्माबादकरांना निजामाबाद नांदेडपेक्षा जवळच राहिले आणि तिकडचा राबता आजही आहे.

याच काळात जगात वेदनेचा विचारच बदलत होता. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की दुखापतीचा निरोप सरळ मेंदूकडे जात नाही. पाठीच्या कण्यात जणू एक दार आहे आणि ते कमीजास्त उघडते. दुखऱ्या जागी चोळल्यावर बरे का वाटते, याचे उत्तर त्यात होते. भीती, चिंता, झोपमोड यांनी तेच दुखणे का वाढते, याचेही. १९६० च्याच दशकात फिटवरची कार्बामाझेपिन ही गोळी चेहऱ्यातल्या विजेसारख्या कळांवर लागू पडू लागली. नैराश्यावरची अमिट्रिप्टिलीन थोड्या मात्रेत नसांच्या आगीवर गुणकारी ठरली.

चिठ्ठीवर ही औषधे आली की रुग्ण आजही बिचकतो. ‘मला काय फिट येते का? मला काय वेड लागलंय?’ असे विचारतो आणि गोळ्या तशाच ठेवतो. त्याला दोन मिनिटे समजावून सांगितले तर पुढचे सगळे सोपे होते. नेहमीची वेदनाशामक गोळी सूज उतरवते. इजा झालेली नस मात्र आवरण खरवडलेल्या वायरीसारखी असते; काही लागले नसतानाही ती निरोप पाठवत राहते. हे भलते निरोप शांत करायला नसेवरच काम करणारे औषध लागते.

नसेचे दुखणे वेळेत ओळखण्याचे मोल कुष्ठरोगाने शिकवले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, १९८३ पासून तो भारतात राबवला गेला आणि जंतू मारणे आवाक्यात आले. पण कोपराजवळची नस सुजून ठणकू लागली आणि वेळेवर स्टिरॉइड सुरू झाले नाही, तर बोटे वाकडी होतात. कातडीवर बधिर चट्टा आणि कोपरात ठणका असे दोन्ही असले तर आजही दवाखाना त्याच आठवड्यात गाठायला हवा.

मग २००६ साल आले. चिकुनगुनियाची साथ महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेली होती. तीन दशकांनी तिने मराठवाडा गाठला. ताप आठवड्यात उतरला, पण अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने आखडलेले राहिले. इंजेक्शन घेऊन कामावर जायचे, ही सवय अशा दिवसांत घट्ट होते. डायक्लोफेनॅकची सुई घ्यायची, नाव नसलेल्या पुड्या खायच्या आणि उन्हात राबायला जायचे. त्याच वर्षी सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, कारण ते औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. माणसाला हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस चालते. पण घामाने शरीरातले पाणी आटलेले असताना महिनोन्‌महिने घेतले तर मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. ‘हमखास गुण’ देणाऱ्या अनामिक पुडीत स्टिरॉइड असले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

नसांच्या वेदनेवरची नवी औषधे याच सुमारास आली. गॅबापेंटिन १९९३ मध्ये अमेरिकेत फिटसाठी मंजूर झाले आणि २००२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी. प्रीगॅबालिन २००४ मध्ये आले. २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून क्रम ठरवला तेव्हा ही दोन, अमिट्रिप्टिलीनच्या जातीची औषधे आणि ड्युलॉक्सेटिनच्या जातीची औषधे पहिल्या फळीत ठेवली. त्याच अभ्यासातला आकडा रुग्णालाही सांगायला हवा. प्रीगॅबालिन साधारण आठ जणांनी घेतले तर औषधामुळे म्हणून त्यांतल्या एकाचे दुखणे निम्म्यावर येते. अमिट्रिप्टिलीनच्या गटात हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास आहे. म्हणून एक गोळी लागू पडली नाही तर दुसरी वापरून पाहायची असते. मात्रा हळूहळू वाढवायची असते आणि गुण यायला काही आठवडे द्यावे लागतात. गुंगी येते, तोंड कोरडे पडते, तेही आधीच कळलेले बरे.

दुसऱ्या फळीत जे आहे ते धर्माबादला रोज दिसते : मिरचीचा तिखटपणा. त्या द्रव्याला १८७६ मध्ये कॅप्सेसिन हे नाव मिळाले. ते बोटांना का जाळते, याचा उलगडा अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली झाला. आपल्या नसांच्या टोकांवर एक ग्राहक (रिसेप्टर) असतो. साधारण ४३ अंशांवरची उष्णता लागली की तो उघडतो, आणि कॅप्सेसिननेही तोच उघडतो. देठ खुडणाऱ्या बाईच्या हाताला चटका बसलेला नसतो, पण मेंदूकडे जाणारा निरोप चटक्याचाच असतो. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. स्पर्शाच्या जाणिवेवरच्या शोधासाठी आर्डेम पटापौटियन त्यात सहभागी होते. हाच ग्राहक फार काळ चेतवला तर नसेची टोके मागे सरतात आणि वेदनेचे निरोप थांबतात. या तत्त्वावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी २००९ मध्ये आली. डॉक्टरच्या देखरेखीखाली ती पावलांना अर्धा तास, इतरत्र तासभर लावतात आणि गुण तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. कमी मात्रेचे मलमही असते. मात्र हे वाचून कोणी तिखटाचा लेप पायाला लावू नये. मधुमेही पायाला तो डागाइतकाच घातक आहे.

एमआरआय गावोगावच्या रुग्णांच्या हाती आला आणि ‘मणक्यात गॅप पडलाय’, ‘गादी सरकली’ हे शब्द घराघरांत पोचले. अहवालाने धीर द्यावा, तो इथे घाबरवतो. पाठीत काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्र अभ्यास झाला. वयाच्या विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या गादीची झीज दिसली. केस पिकतात तशीच ही झीज वयाबरोबर येते, आणि दुखण्याचे कारण दर वेळी तीच नसते. सायटिका बहुतेकांची काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. महिनाभर पडून राहण्याचा जुना सल्लाही १९८० नंतरच्या अभ्यासांनी मागे घ्यायला लावला. झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहणे अधिक चांगले. पण पाऊल लुळे पडले, लघवी वा शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर ती तातडीची वेळ आहे. तेव्हा त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

सर्वांत उशिरा दाद मिळाली ती स्नायूंच्या दुखण्याला. अंगभर दुखते, झोप लागत नाही, सकाळी थकवा, आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल. अशा बाईला घरात ‘हिचं रोजचंच’ म्हणतात, दवाखान्यात ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. या आजाराला फायब्रोमायल्जिया म्हणतात आणि त्याचे निकष १९९० मध्ये ठरले. त्यावर सर्वाधिक खात्रीने सुचवला जाणारा उपाय व्यायाम आहे : हळूहळू वाढवत नेलेले चालणे आणि ताणाचे व्यायाम, जोडीला पुरेशी झोप. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आजारसूचीत जुनाट वेदनेला स्वतःचे स्थान मिळाले आहे. आता तरी ‘काही नाही तुम्हाला’ हे उत्तर बंद व्हावे.

पाऊणशे वर्षांचा हिशेब असा की ज्ञान वाढले, औषधे स्वस्त झाली, पण ती रुग्णापर्यंत नेणारा दुवा कच्चा राहिला. अमिट्रिप्टिलीन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पायाची संवेदना तपासायला एक ट्यूनिंग फोर्क आणि १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा पुरतो. शस्त्रक्रियेला सरकारी योजनेचा आधार मिळतो, मग वर्षभराच्या गोळ्या आणि व्यायामालाही तो मिळायला हवा. तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस वेदना बाह्यरुग्ण विभाग चालावा, तिथे फिजिओथेरपिस्ट असावा आणि प्रत्येक मधुमेही रुग्णाचे पाऊल वर्षातून एकदा तपासले जावे. ही मागणी ग्रामसभेतून, नगरपालिकेतून, आमदारांकडून लावून धरायला हवी. आणि ज्यांचे दुखणे तीन महिन्यांहून जुने आहे त्यांनी सुई आणि पुडी थांबवून डॉक्टरला पहिला प्रश्न हा विचारावा : माझे दुखणे नसेचे आहे, स्नायूचे आहे, की सांध्याचे? इलाजाची सुरुवात या उत्तरापासून होते.