चरबीचा काटा आणि नाडीचा वळ

सोलापूरच्या मैत्रिणींनो, चरबीची टक्केवारी दाखवणारा घरचा काटा सकाळी एक सांगतो, संध्याकाळी भलतंच! त्याचा बारीक करंट एका पायातून चढतो, दुसऱ्यातून उतरतो. पोटाकडं फारसा फिरकतच नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. अंगातलं पाणी घटलं की अंदाज चुकलाच.

वजन-उंचीवरून काढलेला बीएमआयही तसाच फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही २२.३. डेक्सा या क्ष-किरण तपासणीत मात्र याज्ञिकांची चरबी २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! (लॅन्सेट, २००४). पुरुषांचं उदाहरण आहे, पण आपल्यालाही लागू.

म्हणून पोटाचा घेर मोजायला मी शिंप्याची टेपच वापरते. परकराच्या नाडीच्या वळावर नाही हं! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय बायकांची मर्यादा ८० सेंमी.