कोथिंबीर ताटात हवी, गोळीच्या जागी नको

कराडच्या मंडईत भाजी घेऊन निघताना ‘मावशी, जरा कोथिंबीर टाका की’ म्हणणारं गिऱ्हाईक अजूनही भेटतं. स्वस्ताई असेल तर चार काड्या पिशवीत पडतात. पावसाळ्यात जुडीचा भाव चढला की मावशी नुसत्या हसतात. आमटीवर, पोह्यांवर, रश्श्यावर भुरभुरायची ही साधी भाजी. अलीकडे मोबाईलवरच्या संदेशांनी तिला थेट औषधांच्या रांगेत नेऊन बसवलं आहे आणि त्याचे परिणाम आमच्या ओपीडीत दिसतात.

मध्यंतरी पाटण भागातल्या एक ताई आल्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, चार पावलं चाललं की दम. थायरॉईडची गोळी चालू आहे ना, असं विचारलं तर म्हणाल्या, “डॉक्टर, गोळी बंद केलीया. धन्याच्या पाण्यानं थायरॉईड जातं म्हणून लेकीनं मोबाईलवर दाखवलं. अडीच महिनं झालं, रोज सकाळी उपाशीपोटी तेच पितीया. पहिलं तीन-चार आठवडं लय बरं वाटलं बघा.”

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि फसवं तिथेच होतं. थायरॉईडच्या गोळीतलं संप्रेरक रक्तात निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडली तरी सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. लक्षणं नंतर हळूहळू चढत जातात. मधल्या काळात गोळीचा जो शिलकी परिणाम असतो, त्याचं श्रेय धन्याला मिळतं. धन्यात हे संप्रेरक नसतं आणि बंद पडलेली ग्रंथी त्याने पुन्हा काम करू लागत नाही. ताईंची रक्ततपासणी केली तेव्हा टीएसएच खूप वाढलेलं होतं. गोळी पुन्हा सुरू करावी लागली.

म्हणजे कोथिंबिरीत काहीच नाही का? भरपूर आहे. १०० ग्रॅम पानांत सुमारे २७ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतं. शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारं बीटा कॅरोटिन आणि ‘के’ जीवनसत्त्वही चांगल्या प्रमाणात असतं. पण आमटीवर आपण घालतो ती कोथिंबीर जेमतेम ५ ते १० ग्रॅम. तिचा पुरेपूर लाभ घ्यायचा तर वडी, हिरवं वाटण, चटणी असं तिला भाजीसारखं वापरावं. कोवळे देठ टाकू नयेत, स्वाद त्यांतही असतो. वडी वाफवताना ‘क’ जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण बीटा कॅरोटिन बऱ्यापैकी टिकतं आणि थोड्या तेलामुळे ते अंगी जास्त लागतं. रक्तदाब असणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. कोथिंबीर, लसूण आणि लिंबू यांनी चव आली की मीठ कमी घालून भागतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडच्या खर्ड्याने आणि लोणच्याने तो सहज मोडतो.

संशोधनही चालू आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कोथिंबिरीच्या पानांतला एक घटक उंदरांमध्ये फिट येणं लांबवतो, असं दाखवलं. पण उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसाचं औषध नव्हे. फिटच्या गोळ्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

काही रुग्णांनी कोथिंबिरीच्या बाबतीतही जपायला हवं. हृदयाची झडप बदललेले अनेक जण रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारोल घेतात. या गोळ्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम ‘के’ पुरतं. ५० ग्रॅम कोथिंबिरीतच सुमारे १५० असतं. म्हणून यांनी कोथिंबीर सोडू नये, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवावं. अचानक रोज पेलाभर रस सुरू केला तर गोळीचा असर कमी होऊन झडपेवर गुठळी होण्याचा धोका असतो. आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारून आयएनआर तपासून घ्यावा.

दुसरा संदेश ‘कोथिंबिरीच्या पाण्याने किडनी साफ होते’ असा असतो. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांना बाहेरून धुवावं लागत नाही. ज्यांची मूत्रपिंडं अधू झाली आहेत त्यांना उलट हा रस घातक ठरू शकतो. १०० ग्रॅम कोथिंबिरीत ५०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असतं. ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आमटीवरच्या चिमूटभर कोथिंबिरीला हरकत नाही, जुडीच्या रसाला आहे.

आता सर्वांसाठी एक गोष्ट. कोथिंबीर आपण बहुधा कच्ची खातो आणि मुळांना माती लागलेली असते. दूषित पाण्याने धुतलेल्या पाल्यातून विषमज्वर, कावीळ, आमांश, जंत पसरतात. २०१५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातून येणाऱ्या कोथिंबिरीवर उन्हाळ्यापुरती बंदी घातली, ती जुलाब लावणाऱ्या एका परजीवीमुळेच. मुळं कापून जुडी सुटी करावी, मोठ्या पातेल्यात स्वच्छ पाण्यात खळबळून दोन-तीनदा पाणी बदलावं, मगच चिरावी. चिरून धुऊ नये. पावसाळ्यात, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ती उकळत्या आमटीत घालून दोन मिनिटं शिजू द्यावी.

त्या ताई परवा तपासणीला आल्या. सूज उतरली होती. जाताना दबक्या आवाजात विचारलं, “धन्याचं पाणी पिऊ का नको मग?” त्यांना सांगितलं, उन्हाळ्यात धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, आपल्या आज्याही प्यायच्या. पण सकाळची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाष्ट्याआधी किमान अर्धा तास. आणि कोणतीही गोळी बंद करायची झाली तर ती मोबाईलला नाही, आधी आम्हाला विचारून.