मोटारसायकलींच्या जत्रेला निघण्यापूर्वी

जत्रेला निघायचे म्हणजे शिधा, चारा-पाणी आणि मुक्काम यांचा विचार आधी करावा लागतो, हे आपणास सांगायला नको. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचे जेमतेम सात हजार वस्तीचे गाव आहे. तेथे दर ऑगस्टात, म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यात, दहा दिवस मोटारसायकलींची जत्रा भरते आणि लाखो माणसे लोटतात. आपल्याकडची बरीच मुले आता शिक्षण-नोकरीसाठी तिकडे आहेत. त्यातल्या कुणी फोनवर "स्टर्जिसला चाललोय" म्हटले, तर त्याला काय काय विचारावे ते पाहू.

ही जत्रा १९३८ साली सुरू झाली. क्लॅरन्स होल या मोटारसायकल विक्रेत्याने आणि त्याच्या मंडळाने शर्यत ठेवली, तेव्हा अवघे नऊ स्पर्धक होते. १९४२ साली युद्धामुळे पेट्रोलची टंचाई झाली म्हणून खंड पडला. २०१५ च्या पंचाहत्तराव्या जत्रेला सात लाखांवर माणसे आल्याचा अंदाज आहे.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि भाडी चढतात. गावकरी आपली घरे भाड्याने देतात, अंगणात तंबूला जागा देतात. आसपासची गुरे चारण्याची मोठमोठी रानेही तंबूंची गावे होतात. शेतकी खात्यातला माणूस म्हणून मला यातच जास्त रस. नुसत्या गवताच्या रानावर दहा दिवसांत पैसा उभा राहतो खरा, पण पाणी, संडास आणि कचऱ्याची सोय करावी लागते, तुडवलेले गवत पुन्हा वर यायला वेळ द्यावा लागतो. कृषी पर्यटन करू पाहणाऱ्यांनी हा खर्चही मांडावा.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. शिकागोहून स्टर्जिस सुमारे दीड हजार किलोमीटर. हे अंतर एका दमात तोडू म्हणणाऱ्याला घरच्यांनी स्पष्ट नाही म्हणावे. तीन दिवस धरावेत, पहाटे निघावे, दुपारच्या उन्हात सावलीला थांबावे, पाणी पीत राहावे. मिसुरी नदी ओलांडली की मका-सोयाबीन मागे पडते आणि गवताळ माळ लागतो. तेथे वस्ती विरळ, म्हणून पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात. कस्टरच्या राखीव रानात तर रानगव्यासारखे बायसन वाटेतच उभे असतात. त्यांना हॉर्न वाजवून हुसकू नये, दूर थांबावे.

गारपीट म्हणजे काय ते आपणास ठाऊक आहे. याच हमरस्त्यावरच्या व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० रोजी आठ इंच व्यासाची गार पडली, वजन पाऊण किलोच्या वर! आभाळ काळवंडले की पुढचे गाव गाठण्याची घाई न करता पक्क्या छपराखाली जावे.

त्या राज्यात अठरा वर्षांवरील चालकाला हेल्मेटची सक्ती नाही. आईने मात्र सक्ती करावी. मोटारसायकलीचा परवाना वेगळा लागतो, तो आहे का विचारावे. दवाखान्याचा खर्च तिकडे अफाट, तेव्हा विम्याचे कागद जवळ हवेत.

आणखी एक बारीक गोष्ट. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात किंवा ओल्या रानात गाडीचा स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. स्टँडखाली ठेवायला फळीचा तुकडा बरोबर घ्यायला सांगावे.